तांबिकेची होडी

पूर्वी शोणपुरीत सुप्रतीक नावाचा राजा राज्य करीत असताना, त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, हेमंत ऋतूत, मार्गशीर्ष वद्य तृतीयेच्या सकाळी, बोधिसत्त्व शीतोदा नदीतल्या एका बेटावर न्यायाधीश होऊन बसला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमरक्षित होते.

त्या सकाळी धुके फार दाट होते. नदी दिसत नव्हती, तिचा काठ दिसत नव्हता. बेटावरचे जांभळीचे झाड अर्धेच होते, खालचे अर्धे. पलीकडच्या घाटावर कोणी भांडे घासले की तो आवाज पाण्यावरून सरपटत यायचा आणि कानाशी आल्यासारखा वाटायचा. बोधिसत्त्वाला वाटले, आपण बेटावर नाही, एखाद्या शांत विचारात बसलो आहोत.

या बेटाची रीत आधी सांगितली पाहिजे.

शीतोदेच्या काठी तीन नगरे होती. शोणपुरीत राजा होता, वेत्रनगरात वृद्धांची सभा होती, आणि मेखलेत एक जुने सरदार घराणे कारभार पाही. तिघांचे आपसात फारसे पटत नसे. पण नदी तिघांची एकच होती, म्हणून पूर्वजांनी तिघांचा मिळून एक संघ केला आणि संघाचे धर्मासन नदीच्या मधोमध बेटावर ठेवले. ते आसन म्हणजे दगडाचा साधा चौथरा. न्यायाधीश एकेका नगराने पाळीपाळीने निवडायचा. निवडला की तिन्ही घाटांचे पाणी एका तांब्याच्या घड्यात ओतायचे आणि ते त्याच्या ओंजळीवर सोडायचे. मिसळलेले पाणी पुन्हा वेगळे करता येत नाही. त्यानंतर त्याला उठवायचे असेल तर तिन्ही नगरांनी मिळून त्याची लाचखोरी सिद्ध करावी लागे. एकट्या नगराला ते करता येत नसे.

त्याच्या जेवणाचीही रीत होती. दर पौर्णिमेला तिन्ही नगरांतून तांदूळ येई आणि तो एकाच कणगीत ओतला जाई. ओतणाऱ्याने कणगी ढवळून मगच जायचे. आपण कोणाचे अन्न खातो हे न्यायाधीशाला कळू नये, एवढ्यासाठी. आणि राजा बेटावर आला तरी त्याचे छत्र नावेतच राही.

बोधिसत्त्व वेताच्या चटया विणणाऱ्याचा मुलगा. सुप्रतीक आणि तो एकाच गुरूकडे शिकले. राजपुत्र विसरायचा ते हा आठवून द्यायचा, हा उपाशी असायचा तेव्हा राजपुत्र आपले पान पुढे सरकवायचा. शोणपुरीची पाळी आली तेव्हा राजाने मोठमोठी घराणी बाजूला सारून याचे नाव घेतले. त्याला सात वर्षे झाली होती. बोधिसत्त्वाचे राजावर प्रेम होते आणि ते तो लपवीत नसे.

तर त्या सकाळी धुक्यातून वल्ह्याचा आवाज आला. शोणपुरीचा नावाडी कुंभील नाव घेऊन आला. नावेत एकच उतारू होता, एक म्हातारी.

कुंभील नाव बांधता बांधता म्हणाला, "पंडित, हिचं वजन काही नाही, पण नाव आज बुडता बुडता वाचली. फिर्याद राजावर आहे."

म्हातारीचे नाव तांबिका. जन्मभर होडीतून लव्हाळे आणि वेत वाहून पोट भरणारी. तिने चौथऱ्यासमोर बसून, श्वास लागेपर्यंत न थांबता आपली हकीकत सांगितली. चौदा वर्षांपूर्वीच्या महापुरात शोणपुरीचा नदीकडचा बांध फुटला. तेव्हा तरुण राजा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. समोर तिची होडी होती. त्याने ती घेतली, दगडांनी भरली, आणि फुटलेल्या भगदाडात बुडवली. बांध टिकला, नगर वाचले. त्या वेळी राजा तिला म्हणाला होता की आई, पाणी ओसरले की तुझी होडी तुला मिळेल. पाणी ओसरले. सात वेळा ती राजवाड्याच्या दारी गेली. आता ती वेताचे भारे डोक्यावरून वाहते आणि तिची मान वाकडी झाली आहे.

बोधिसत्त्वाने राजाला ताडपत्र पाठवले. चौथ्या दिवशी राजा आला. छत्र नावेत ठेवून, हसत, प्रतिवादीच्या चटईवर मांडी घालून बसला. त्याच्यामागे त्याचा अमात्य पुष्कल उभा राहिला.

राजाने काही नाकारले नाही. होडी घेतली, कबूल केले. शब्द दिला होता, तेही कबूल केले. मग म्हणाला की गेल्या दोन वर्षांत आपण दोनदा तिला नवी होडी देऊ केली आणि दोन्ही वेळा हिने ती परत पाठवली.

तांबिका म्हणाली, "दान म्हणून देऊ केलीस, राजा. ढोल लावून, भाटांच्या तोंडून माझ्या गरिबीची गाणी गाववून. मी गरीब आहे. भिकारीण नाही. तुझ्याकडे माझी होडी आहे, ती दे."

निवाडा ऐकायला जमलेल्या लोकांत हसू पसरले. राजाचे हसू मात्र गेले.

"राजा देतो," तो म्हणाला. "राजा फेडत नाही. फेडतो तो देणेकरी."

पुष्कलाने मान डोलावली. आज होडी फेडली तर उद्या प्रत्येक जण पुराच्या वेळची आपली फळी मागायला येईल, असे त्याने हलक्या आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले.

बोधिसत्त्वाने राजाकडे पाहिले. हा माणूस पुराच्या पाण्यात उभा राहिला नसता तर शोणपुरी राहिली नसती. त्याने होडी घेतली ते योग्यच होते. बोधिसत्त्वाला ते सगळे दिसत होते. त्याने घोटभर पाणी पिऊन निवाडा दिला.

"शोणपुरीच्या सुप्रतीकाने तांबिकेची होडी घेतली, ती त्याने फेडावी. सोळा हात लांब, सागाची, तागाने शिवलेली, राळ भरलेली. दान म्हणून नव्हे. देणे म्हणून."

पाण्यावर एक बगळा उतरला.

"सोमा," राजा म्हणाला, "तुला इथे मी बसवला."

"बसवलेत, महाराज. पण पाणी सोडल्यावर मी तुमचा उरलो नाही. ते पाणी तुम्हीच सोडलेत."

राजा उठून निघून गेला. छत्र उघडायलाही विसरला.

पुष्कलाने पहिल्या आठवड्यात वेत्रनगराला आणि मेखलेला निरोप धाडले की या न्यायाधीशाला उठवू या. त्यांनी विचारले, लाच कोणाची घेतली? मग त्याने जे एकट्याने करता येत होते ते केले. शोणपुरीचा तांदूळ थांबवला. शोणपुरीच्या कोणत्याही नावेने बेटाला लागू नये अशी दवंडी पिटली. आणि राजवाड्याच्या दारात नवे न्यायासन मांडून त्यावर स्वतः बसला.

पौषी पौर्णिमा आली. वेत्रनगराचा आणि मेखलेचा तांदूळ घेऊन नावा आल्या. तांदूळ नेहमीपेक्षा दुप्पट होता. शोणपुरीची उणीव आम्ही भरून काढतो, असे वेत्रनगराचा एक वृद्ध सभासद मोठ्या प्रेमाने म्हणाला. राजाविरुद्ध निवाडा दिला म्हणून त्याला बोधिसत्त्व फार आवडू लागला होता.

बोधिसत्त्वाने हात जोडले आणि तांदूळ परत न्यायला सांगितले. तिघांचा असेल तेव्हाच मी खाईन, म्हणाला. दोघांचा खाल्ला तर दोघांचा होईन.

"मग खाल काय?" त्या वृद्धाने विचारले.

बोधिसत्त्वाने बेटामागच्या डोहाकडे हात केला. तिथे कमळे होती.

वृद्ध रागावून गेला. हट्टी माणूस, असे नावेत बसेपर्यंत बडबडत होता.

कणगी माघात संपली. मग बोधिसत्त्व कमळाच्या बिया सोलून खाऊ लागला, देठ उकडून खाऊ लागला. फिर्यादी दोन काठांवरून येत, त्यांचे निवाडे तो देई. त्यांची फळे, दही, गूळ तो घेत नसे. तिसऱ्या काठावरून कोणी येत नसे.

फक्त रोज सकाळी धुक्यापलीकडून कुंभील ओरडायचा. नाव न्यायची मनाई होती, ओरडायची नव्हती.

"पंडित, आहात का?"

"आहे."

"मग मी जेवायला जातो."

एवढेच बोलणे. धुक्यात ते दोन आवाज पाण्यावर भेटत आणि विरून जात. कधी कधी बोधिसत्त्वाला कळत नसे की आपण खरेच उत्तर दिले की मनातल्या मनात. भूक जुनी झाली की शरीर हलके होते आणि जग लांब जाते. दुपारी चौथऱ्यावर डोळा लागला की त्याला एकच स्वप्न पडे. बेट मुळापासून सुटले आहे. ते आवाज न करता वाहत चालले आहे आणि शोणपुरीच्या घाटाला लागत आहे. पायऱ्यांवर तरुण सुप्रतीक उभा आहे, जेवणाचे पान पुढे सरकवीत आहे. ये, सोमा, म्हणत आहे. स्वप्नात बोधिसत्त्वाला फार आनंद होई. जागा झाल्यावर तो आधी उठून काठ पाही. बेट जागेवरच असे. डोळे पुसून तो बिया सोलायला बसे.

त्याला मोह झाला नाही असे नाही. दान आणि देणे यांत फरक तो केवढा? होडी तीच, फळ्या त्याच. एक शब्द बदलला तर म्हातारीची मान सरळ होईल, मित्र परत मिळेल, कणगी भरेल. हा विचार पाहुण्यासारखा रोज यायचा आणि त्याच्याशेजारी बसायचा. बोधिसत्त्व त्याला हाकलत नसे. त्याचे ऐकतही नसे.

चैत्रात नदी उतरली. तेव्हा तांबिका छातीएवढ्या पाण्यातून, काठी टेकत, चालत बेटावर आली. ओल्या लुगड्यानेच चौथऱ्यासमोर बसली.

"निवाडा दिलास, बाबा," ती म्हणाली. "बरं केलंस. पण निवाड्यात बसून वेत वाहता येत नाही."

तिचे बरोबर होते.

पुष्कलाची माणसे पुन्हा आल्याचे तिने सांगितले. होडी घाटावर बांधून ठेवली आहे, फक्त लोकांसमोर दान म्हणून स्वीकारायची. स्वीकारली की फिर्याद मिटली. मानेचे दुखणे आता सहन होत नाही, हेही तिने सांगितले. मग विचारले, "घेऊ का?"

"न्यायाधीशाने सल्ला द्यायचा नसतो, आई."

"तलवार नाही, खजिना नाही, सल्लाही द्यायचा नाही. मग तू आहेस कशाला?"

"निवाडा बदलू नये म्हणून."

तिने त्याच्याकडे पाहिले. गालांची हाडे, बोटांना लागलेला बियांचा हिरवा रंग, कोपऱ्यातली रिकामी कणगी. तिने लुगड्याचा पदर पिळला आणि ती उठली. घेते किंवा घेत नाही, काही बोलली नाही. आली तशीच पाण्यातून गेली. बोधिसत्त्व तिचे डोके पलीकडे पोचेपर्यंत पाहत राहिला. मधल्या खोल जागी ते क्षणभर दिसेनासे झाले तेव्हा तो उभा राहिला. मग ते पुन्हा दिसले.

तिने होडी घेतली नाही.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला एका पहाटे कुंभीलाची हाक आली नाही. बोधिसत्त्व काठाशी गेला. पाण्यावर फिकट उजेड होता, आणि त्या उजेडातून कुंभीलाची नाव सरळ बेटाकडे येत होती. नावेत राजा बसला होता. अमात्य नव्हता. छत्र नावेतसुद्धा नव्हते.

राजा उतरला. न विचारता कणगीजवळ गेला, आत हात घातला. हात तळाला लागला. त्याने तो बाहेर काढून पाहिला आणि चौथऱ्याच्या पायरीवर बसला.

मग त्याने जे सांगितले ते असे. शोणपुरीच्या दक्षिणेचे सालवन त्याच्या आजोबांच्या काळापासून शोणपुरीचे. हद्दीचे दगड तेव्हाच रोवलेले. यंदा वेत्रनगराच्या लोकांनी ते दगड उपटून कोसभर आत आणले आणि झाडे तोडायला लागले. राजाने फिर्याद पुष्कलाच्या न्यायासनापुढे नेली. पुष्कलाने साक्षीदार बसायच्या आत निवाडा दिला, वन राजाचे. तो निवाडा वेत्रनगराला पाठवला. तिथली वृद्धसभा इतकी हसली की एकाला ठसका लागला. पुष्कलाने राजाच्या बाजूने निवाडा दिला ही बातमी असेल, तर कोंबडा पहाटे आरवला याचीही दवंडी पिटा, असे त्यांनी उलट कळवले. राजाने जुने दगड दाखवले, जुनी माणसे उभी केली. कोणी बघायला तयार नाही. आता दोन्हीकडे बाणांना धार लावली जात आहे. हत्ती बाहेर काढले आहेत.

"या वेळी खरे माझ्या बाजूला आहे, सोमा," राजा म्हणाला. "आणि मी ते कोणालाही पटवू शकत नाही."

"वेत्रनगराचेही ऐकावे लागेल," बोधिसत्त्व म्हणाला.

"ऐक. ऐकून निवाडा माझ्या बाजूने देशील?"

"माहीत नाही."

राजा हसला. सहा महिन्यांत तो पहिल्यांदाच हसत असावा, कारण ते हसू त्याला जड गेले. "हेच ऐकायला आलो. पुष्कलाला नेहमी माहीत असते."

थोडा वेळ दोघे नदीकडे पाहत बसले. उजेड वाढत होता. डोहातली कमळे एकेक उघडत होती. शाळेत असताना बसायचे तसेच ते बसले होते, आणि बोधिसत्त्वाला वाटले की हे स्वप्नच आहे, बेट घाटाला लागले आहे. पण दगड त्याच्या तळव्याला थंड लागत होता. मग त्याने सर्वांत अवघड गोष्ट केली.

"महाराज, आधीचा निवाडा न पाळणाऱ्याची, मग तो कोणीही असो, नवी फिर्याद या आसनापुढे घेत नाहीत. हा नियम तुमच्या आजोबांनीच घातलेला आहे."

राजाने मान फिरवली. "लढाई तोंडावर आली आहे. माणसे मरतील."

"म्हणून लवकर करा."

"आणि मी होडी फेडलीच नाही तर?"

"तर मी इथे कमळाच्या बिया सोलत बसेन. तुम्हाला शिक्षा करायला माझ्याकडे काही नाही."

राजा उठला, नावेत बसला. कुंभीलाने वल्हे पाण्यात घातले आणि नाव उजेडात विरघळली.

इथवर सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू भगवान, थांबले.

ही कथा त्यांनी जेतवनात सांगितली. भिक्षूंच्या दोन गटांत एका कुटीवरून तंटा पडला होता. तो सोडवायचे काम रेवतक नावाच्या भिक्षूकडे होते, आणि ती कुटी बांधून देणारा धनिक त्याला रोज भेटून निकाल कसा असावा हे सुचवीत होता. रेवतक खाली मान घालून ऐकत होता.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, वनाचा निवाडा त्याच वर्षी आषाढात झाला. तीन दिवस साक्षी चालल्या. वन शोणपुरीचे ठरले. वेत्रनगराने कुरकुर केली, पण दगड मागे नेले, कारण निवाडा त्या माणसाचा होता ज्याने स्वतःच्या मित्राविरुद्धही निवाडा दिला होता. लढाई टळली. तिन्ही नगरांचा तांदूळ पुन्हा एका कणगीत पडू लागला. त्या वेळचा अमात्य पुष्कल म्हणजे आज हा कुटी बांधणारा धनिक. त्या वेळचा नावाडी कुंभील म्हणजे हा रेवतक. रोज विचारत होता, आहात का. आता त्याने स्वतःला विचारावे. त्या वेळचा राजा म्हणजे भिक्षू सुनेत्र, जो चूक कळल्यावर उशीर करीत नाही. आणि धर्मासनावरचा सोमरक्षित म्हणजे मीच होतो. आप्त आणि परका, देणारा आणि रोखणारा, सर्वांकडे सारख्याच नजरेने पाहणे, या समचित्ततेच्या पारमीची साधना मी त्या जन्मी पूर्ण केली."

भिक्षू वंदन करून उठू लागले. एक वृद्ध भिक्षू मात्र बसून राहिला. त्याने विचारले, "भंते, राजाने होडी दिली की फेडली?"

शास्त्यांनी सांगितले.

ज्येष्ठ शुद्ध नवमीला, भर बाजाराच्या दिवशी, राजा पायी घाटावर आला. ढोल नव्हते, भाट नव्हते. हे निदान राजवाड्याच्या आत तरी करावे म्हणून पुष्कल अर्ध्या वाटेपर्यंत विनवीत आला आणि मग मागे राहिला. सहा सुतारांनी होडी खांद्यावर घेतली होती. तिची पुढच्या टोकाची नाळ राजाने धरली होती.

तांबिकेने होडी आपल्या हाताने मोजली. ती साडेसतरा हात भरली, कारण वयाने तिचा हात आखडला होता. राजाचा हात लावून मोजा, असे एक सुतार म्हणू लागला. राजाने त्याला गप्प केले. तिने प्रत्येक शिवण अंगठ्याने दाबून पाहिली, राळेचा वास घेतला, तळ ठोकून ऐकला. मग मान वाकडी ठेवूनच राजाकडे वर पाहिले.

"दान की फेड?"

"फेड," राजा म्हणाला.

तांबिकेने होडी पाण्यात लोटली.